फुलफॉर्म सांगितला म्हणजे समजावलं का?

एकाच आठवड्यात मी ‘टीडीएस’ हा शब्द तीन ठिकाणी ऐकला. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या मुलाने पेल्यात मीटर बुडवला आणि म्हणाला, “टीडीएस साडेतीनशे आहे, मॅडम.” आमच्या सीएंनी फोनवर विचारलं, मानधनावरचा टीडीएस खात्यात दिसतोय का. आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरचं ‘टीडीएस’ वाचून दुकानदाराने पाकिटावर १-१-१ असं लिहून दिलं. पहिल्याचा अर्थ पाण्यात विरघळलेले घन पदार्थ, दुसऱ्याचा पैसे हातात पडण्याआधीच कापलेला कर, तिसऱ्याचा लॅटिनमधून आलेला, दिवसातून तीनदा घ्या असा. तिघांपैकी कोणीही चुकीचं बोललं नव्हतं. समोरच्याला हे कळतंच, असं तिघेही धरून चालले होते.

तांत्रिक लेखनात अनोळखी लघुरूपं वाचकाला उलगडून सांगावीत की नाही, हा वाद जुना आहे आणि तो फक्त संपादकांपुरता नाही. माहितीपत्रक लिहिणारा अभियंता, डिस्चार्ज कार्ड भरणारे डॉक्टर, बँकेचा एसएमएस बेतणारा अधिकारी, शोधनिबंध लिहिणारी विद्यार्थिनी, असे सगळेच रोज त्याचं काही ना काही उत्तर देत असतात, बहुतेकदा विचार न करता. मी यंत्रांच्या वापरपुस्तिका मराठीत आणण्याचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोज माझ्या टेबलावर असतो. माझं मत आधीच सांगते. उलगडून सांगायलाच हवीत. पण आपण ज्याला उलगडणं म्हणतो ते बहुतेक वेळा अर्धंच काम असतं, आणि पुष्कळदा ते लघुरूप तिथे मुळात नकोच असतं.

कागदावरच्या नियमांत हा प्रश्न कधीच सुटला आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धती जगभरचे शोधनिबंध पाळतात. ती सांगते, की लघुरूप पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण रूप द्या, आणि लेखात ते किमान तीनदा येणार नसेल तर वापरूच नका. इंटरनेट कसं चालावं हे ज्या दस्तऐवजांतून ठरत गेलं, ते ‘आरएफसी’ म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, १९६९ च्या एप्रिलपासून निघत आहेत. त्यांची २०१४ ची लेखननियमावलीही हेच म्हणते, की शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात फोड करा. मात्र तिथल्या संपादकांनी एक शहाणपणाची सोय केली आहे. लघुरूपांची एक यादी ते सांभाळतात आणि सर्वांना माहीतच असलेल्या लघुरूपांपुढे तारांकन करतात. तारा असेल तर फोड नको, नसेल तर हवी. ‘हे सगळ्यांना माहीत असतं’ असं प्रत्येक लेखकाने स्वतःच्या मनाने ठरवण्याची वाटच त्यांनी बंद केली.

वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या जागतिक मार्गदर्शिकेतही लघुरूपांसाठी एक कलम आहे. वाचकाला पूर्ण रूप सापडेल अशी काहीतरी व्यवस्था असावी, असं ते सांगतं. पण तीन पातळ्यांपैकी ते सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं आहे, आणि कायदे व कंत्राटं सहसा मधल्या पातळीवर थांबतात. याच क्षेत्रातले लोक ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा शब्द लिहिताना पहिलं आणि शेवटचं इंग्रजी अक्षर ठेवतात आणि मधल्या अकरा अक्षरांच्या जागी ११ हा आकडा घालतात. सुगम्यतेच्या कामाचं नावच नवख्याला वाचता येऊ नये, हे मला मनापासून खटकतं.

विरोधी बाजूही लंगडी नाही. हृदयरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेल्या लेखात ईसीजीची फोड दिली तर वाचणाऱ्याला वाटेल, हा आपल्याला काय समजतो? काही लघुरूपं तर पूर्ण रूपापेक्षा कितीतरी जास्त परिचित झालेली असतात. ‘रडार’ हा शब्द अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये आद्याक्षरं जुळवून केला. ‘लेसर’ गॉर्डन गूल्ड यांच्या १९५७ च्या टिपणवहीत लिहिलेला सापडतो. आज मोतीबिंदूच्या रुग्णाला ‘उत्तेजित उत्सर्जनाने प्रकाशाचं वर्धन’ असं सांगितलं, तर कळत होतं तेही कळेनासं होईल. डीएनएचं लांबलचक रासायनिक नाव उच्चारता न येणाऱ्या माणसालाही डीएनए चाचणी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असतं. आपण ‘एटीएम मशीन’ म्हणतो तेव्हा भाषाशुद्धीवाले नाराज होतात, कारण त्या ‘एम’मध्ये मशीन आलेलंच आहे. मला त्यात फक्त एवढंच दिसतं, की एटीएम आता लघुरूप उरलेलं नाही, तो साधा शब्द झाला आहे. शिवाय दर ओळीत कंस उघडून मिटला की वाचनाची लय जाते, हेही खरं.

हे सगळं मान्य करूनही मी त्या बाजूला जात नाही, कारण ती बाजू ‘तज्ज्ञ वाचक’ नावाचा एकजिनसी माणूस गृहीत धरते. असा माणूस नसतो. किडनीचे डॉक्टर कानाच्या डॉक्टरांचं टिपण वाचतात तेव्हा निम्मे सामान्य वाचकच असतात. काल नोकरीला लागलेला अभियंताही तोच अहवाल वाचतो, लेखापरीक्षकही वाचतो आणि दहा वर्षांनी चौकशी समितीही वाचते. शिवाय जे आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल, हे मनाला पटतच नाही. कॅमरर, लोवेनस्टीन आणि वेबर या तीन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अर्थशास्त्रातल्या एका निबंधात या अडचणीला नाव दिलं, ते मराठीत ‘जाणत्याचा शाप’ असं म्हणता येईल. स्टीव्हन पिंकर यांनी २०१४ च्या लेखनकलेवरच्या पुस्तकात दुर्बोध लिखाणाचं मुख्य कारण म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवलं आणि लघुरूपांचं उदाहरण दिलं. वाचकाला छळावं असं कोणाच्या मनात नसतं. ते लघुरूप आपल्याला एके दिवशी कोणीतरी समजावून सांगितलं होतं, याचा लिहिणाऱ्याला विसर पडलेला असतो, इतकंच.

हा विसर किती पसरला आहे, ते २०२० मध्ये मोजून झालं. एड्रियन बार्नेट आणि झोई डबलडे या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९५० ते २०१९ या काळातली वैद्यक आणि जीवशास्त्राच्या निबंधांची सुमारे २ कोटी ४० लाख शीर्षकं आणि १ कोटी ८० लाख सारांश संगणकाने चाळले. त्यांत ११ लाखांहून जास्त वेगवेगळी लघुरूपं निघाली. त्यांतली ७९ टक्के संपूर्ण साहित्यात दहापेक्षा कमी वेळा आली होती, आणि नेहमीच्या वापरातली म्हणावीत अशी जेमतेम दोन हजार. म्हणजे लाखो लघुरूपं कोणीतरी जन्माला घातली आणि ती कोणाच्याच तोंडी बसली नाहीत. शीर्षकांमध्ये १९५० साली शंभर शब्दांमागे ०.७ लघुरूपं होती, ती २०१९ पर्यंत २.४ झाली. सारांशांतली वाढ तर याहून मोठी होती.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या टीडीएसचं कोडं सोडवते. इंग्रजीच्या २६ अक्षरांतून तीन अक्षरी लघुरूपं जास्तीत जास्त १७,५७६ होऊ शकतात. त्यांतली ९४ टक्के एकदा तरी वापरून झाली आहेत. घरं तेवढीच आणि राहणारे वाढतच चालले, तर एका घरात तीन कुटुंबं राहणारच. ‘यूए’ या दोन अक्षरांना एकट्या वैद्यकातच अठरा अर्थ आहेत, असं त्यांनी नोंदवलं. ‘संदर्भावरून कळतं’ हा युक्तिवाद इथे फार पुरत नाही, कारण संदर्भ कळायला आधी मजकूर कळावा लागतो.

अभियंत्यांच्या गोटातूनही तक्रार झाली आहे. स्पेसएक्समध्ये २०१० च्या मे महिन्यात एलॉन मस्क यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून मनाला येईल तशी लघुरूपं पाडायला मनाई केली. नव्याने आलेल्या माणसाला ती कळत नाहीत आणि बैठकीत विचारायची त्याला लाज वाटते, म्हणून तो गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीबाहेरच्या अभियंत्यांनाही माहीत असलेली लघुरूपं चालतील, बाकीची नकोत. आखूड म्हणून केलेलं लघुरूप बोलताना साध्या नावापेक्षा लांब पडतं, हेही त्यांनी दाखवलं होतं. त्यांच्या बाकी मतांशी माझं देणंघेणं नाही. पण गप्प बसणाऱ्या नवख्याबद्दलचं ते निरीक्षण मी कित्येक बैठकांत स्वतः अनुभवलं आहे.

आता त्या ‘अर्ध्या कामा’कडे वळते. आपल्याकडे लघुरूप समजावणं म्हणजे त्याचा फुलफॉर्म सांगणं. शाळेतल्या प्रश्नमंजूषेपासून स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत फुलफॉर्मच्या याद्या पाठ केल्या जातात, आणि फुलफॉर्म आला की विषय आला असं आपल्याला वाटतं. जेपीईजीचा फुलफॉर्म ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप’. हे एका समितीचं नाव आहे. फोटो जेपीईजी म्हणून पुन्हापुन्हा साठवला की दर वेळी थोडा तपशील गमावतो, ही वापरणाऱ्याच्या कामाची गोष्ट त्या नावात कुठेही नाही. संगणकाची ‘पीएचपी’ ही भाषा याच्याही पुढे जाते, कारण तिच्या पूर्ण रूपाचा पहिला शब्द पुन्हा ‘पीएचपी’च आहे. एमआरआयसाठी मराठीत ‘चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन’ असा शब्द आहे. तो मी छापला आणि कर्तव्य केलं असं मानलं, तर रुग्णाच्या हाती काय पडलं? त्याला हे हवं असतं: यात क्ष-किरण नसतात, यंत्र मोठ्याने खडखडतं, आत बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं, अंगावर धातू चालत नाही, आणि पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं.

फिल्टरवाल्या मुलाचा टीडीएसही असाच आहे. ‘एकूण विरघळलेले घन पदार्थ’ एवढ्यावर घरातल्या माणसाचा निर्णय होत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेला चांगला, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे आमचं साडेतीनशेचं पाणी त्या कसोटीला उतरलं होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तो खिशातला मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून अंदाज बांधतो. त्याला जंतू दिसत नाहीत. कमी टीडीएसचं पाणीही कावीळ देऊ शकतं. फुलफॉर्म पाठ असलेल्या कितीजणांना हे ठाऊक असतं?

‘पिन’चं उदाहरण तर मला रोज आठवतं. टपालाचा पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि ती योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते. बँकेचा पिन म्हणजे पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर. एक पिन सगळ्यांना सांगायचा, दुसरा कोणालाही नाही. पहिल्यांदाच फोनवरून पैसे पाठवायला शिकणाऱ्या आजीला या दोन इंग्रजी फुलफॉर्मनी काहीही मिळत नाही. तिला एक वाक्य हवं: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे यायला लागत नाही, म्हणून ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर तो लुबाडतो आहे. हे वाक्य मला तरी एकाही वापरपुस्तिकेत पहिल्या पानावर दिसलेलं नाही.

समजावून सांगितलं तरी नुकसान पुरतं भरून निघत नाही, असंही एक संशोधन सांगतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात हिलरी शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६५० लोकांना स्वयंचलित मोटारी, शस्त्रक्रिया करणारे रोबॉट आणि त्रिमितीय जैविक छपाई यांवरचे परिच्छेद वाचायला दिले. काहींना परिभाषेने भरलेले, काहींना सोप्या शब्दांतले. परिभाषावाल्यांपैकी काहींना कठीण शब्दावर माउस नेला की व्याख्या दिसत होती. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार परिभाषा वाचणाऱ्यांना विषयात कमी रस वाटला आणि विज्ञान हे आपलं काम नव्हे असं वाटलं. व्याख्या हाताशी असूनही त्यांत फरक पडला नाही. हा अभ्यास लघुरूपांपुरता नव्हता, पण मला तो इथे लागू वाटतो. कठीण शब्द पाहताक्षणी वाचकाला जे कळतं ते असं, की हा मजकूर माझ्यासाठी लिहिलेला नाही. नंतरचा कंस ते पुसू शकत नाही. म्हणून लघुरूप द्यायचं की नाही हा प्रश्न आधी, आणि त्याची फोड कशी करायची हा नंतर.

आता दवाखान्याकडे येते, कारण या प्रश्नाची सगळ्यात जड किंमत तिथे मोजली जाते.

माझ्या काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, सकाळी नऊला. रात्रीच त्यांच्या पलंगाला एक पाटी अडकवलेली होती, तिच्यावर इंग्रजीत तीन अक्षरं: एनबीएम. पहाटे काका जागे झाले, घसा कोरडा पडला म्हणाले, तेव्हा काकूने थर्मासमधला चहा ओतला आणि दोन बिस्किटं दिली. आयुष्यभर तिने जे केलं तेच. साडेआठला सिस्टरच्या लक्षात आलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. “पाटी लावली होती ना?” असं तिला चारचौघांत विचारलं गेलं. ‘निल बाय माउथ’, तोंडाने काहीही द्यायचं नाही. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून ही दक्षता असते. हे तिला त्या दिवशी कळलं. काका बरे होऊन घरी आले, पण काकू पुढे कितीतरी वर्षं ‘मी त्यांना मारलंच असतं’ असं म्हणत राहिली. ती पाटी नर्सिंगच्या माणसांसाठी अगदी बरोबर होती. पण पहाटे साडेपाचला रुग्णाच्या उशाशी काकू होती, आणि तिला ‘उपाशी ठेवा’ हे वाचता येत होतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतली बरीच लघुरूपं लॅटिन आहेत: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. यातलं एसओएस फार फसवं आहे, कारण सर्वसामान्य माणसाला ते संकटाची हाक म्हणून माहीत असतं. (तार-संदेशातलं एसओएस हे मुळात लघुरूप नव्हतंच. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ती खूण तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ओळखायला सोपी म्हणून स्वीकारली गेली; ‘आमचे जीव वाचवा’ हा इंग्रजी अर्थ मागाहून चिकटवला.) ‘तातडीने घ्या’ आणि ‘त्रास झाला तरच घ्या’ हे अर्थ जवळजवळ उलटे आहेत. ओडीचा अर्थ डोळ्यांच्या दवाखान्यात ‘उजवा डोळा’ होतो.

डॉक्टर आणि नर्स यांच्यातही लघुरूपं घात करतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून ‘वापरू नका’ अशा लघुरूपांची यादी सक्तीची केली. त्यात पहिलं नाव आहे ‘युनिट’साठी लिहिलं जाणारं नुसतं यू हे अक्षर. हाताने लिहिताना ते शून्यासारखं दिसतं. इन्सुलिनचे १० युनिट आणि १०० युनिट यांत एका गोलाचाच फरक, आणि तो फरक माणसाचा जीव घेऊ शकतो. ‘एमएस’ मॉर्फिन सल्फेटही होतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. दोन्ही औषधं एकमेकांच्या जागी दिली तर काय होईल ते सांगायला नको. उपाय साधा आहे, पूर्ण शब्द लिहा. इथे कोणी ‘तज्ज्ञांचा वेळ जातो’ असं म्हणू धजणार नाही.

आमच्या औषध-दुकानदाराने लिहिलेलं १-१-१ मात्र मला फार आवडतं. सकाळ, दुपार, रात्र. १-०-१ म्हणजे दुपारी नाही. ‘टीडीएस’पेक्षा ते लांब नाही, आणि ज्याला शाळेचं तोंड पाहता आलं नाही अशा माणसालाही एकदा दाखवलं की कायमचं कळतं. आखूडपणाशी माझं भांडण नाही.

विमान वाहतुकीतलं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण तिथले वाचक खरोखर प्रशिक्षित असतात. वैमानिकांना उड्डाणापूर्वी ‘नोटॅम’ नावाच्या सूचना मिळतात. टेलिप्रिंटरच्या काळात प्रत्येक अक्षराला पैसे आणि वेळ लागे, म्हणून त्या स्वर गाळून, मोठ्या अक्षरांत, लघुरूपांनी लिहायची रीत पडली. यंत्रं गेली, रीत राहिली. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारं एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीमार्गावर उतरू लागलं. तिथे चार विमानं उड्डाणाच्या प्रतीक्षेत उभी होती. सुमारे साठ फुटांपर्यंत खाली येऊन ते वर उचललं गेलं, म्हणून शेकडो माणसं वाचली. शेजारची धावपट्टी त्या रात्री बंद होती, आणि ही सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानी कागदपत्रांच्या आठव्या पानावर होती. दोष एकट्या लघुरूपांचा नव्हता. रात्र होती, थकवा होता, कागदांचा ढीग होता. तरीही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी त्या सूचनांच्या दुर्बोधतेवर जाहीरपणे कोरडे ओढले. प्रशिक्षित डोळ्यांसमोरूनही महत्त्वाची ओळ निसटते, ती सगळ्या ओळी सारख्याच गूढ दिसतात तेव्हा.

मग लघुरूप हे इंग्रजीने लावलेलं व्यसन आहे का? तसं मुळीच नाही. आपल्या आजोबांची पत्रं काढून पाहा. कृ. सा. न. वि. वि., स. न. वि. वि., अ. उ. आ., ता. क. त्यांची फोड कोणी पत्रात देत नसे, कारण पत्र कसं लिहायचं ते प्रत्येकाने शिकलेलं असे. आणि समजा ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ नाही लागलं, तरी पुढची बातमी कळायचीच; नमस्कार होता, औषधाचा डोस नव्हता. सातबाराही तसाच. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवर कोणाचा हक्क ते, १२ मध्ये पिकं कोणती ते. आणि शेतकऱ्याला फुलफॉर्म विचारण्याची वेळच येत नाही, कारण तो कागद त्याने हातात धरलेला असतो.

त्याहून मागे गेलं तर पाणिनी आहेत. सुमारे चार हजार सूत्रांत सगळं व्याकरण बसवताना त्यांनी लघुरूपांचा जितका वापर केला तितका क्वचितच कोणी केला असेल. ‘अच्’ म्हणजे सगळे स्वर, ‘हल्’ म्हणजे सगळी व्यंजनं. पण त्या ग्रंथाच्या तोंडाशीच चौदा सूत्रांत वर्णांचा क्रम दिलेला आहे, आणि पहिला वर्ण व शेवटची खूण जोडून मधले सगळे वर्ण कसे घ्यायचे हा नियमही सांगितलेला आहे. ते चौदा तुकडे पाठ असलेला विद्यार्थी न पाहिलेलं लघुरूपही स्वतः सोडवू शकतो. किल्ली कुलपाच्या आधी हातात दिलेली आहे. आजच्या एखाद्या तांत्रिक पुस्तिकेत चाळीस लघुरूपं असतात आणि त्यांची यादी असलीच तर ती शेवटच्या पानावर, तेव्हा मला या चौदा सूत्रांची आठवण येते.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. रोमन लिपीत मोठी अक्षरं असतात, त्यामुळे लघुरूप नजरेला लगेच वेगळं दिसतं; अर्थ नाही कळला तरी ‘हे लघुरूप आहे’ एवढं कळतं. देवनागरीत ती सोय नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ आणि नीटनेटकेपणातलं नीट यांत कागदावर काडीचा फरक नाही, म्हणून वर्तमानपत्रं तिला अवतरणचिन्हांत घालतात. ‘नेट’ ही प्राध्यापकीची परीक्षा, इंटरनेटही आणि बॅडमिंटनची जाळीही. ‘एसटी’ म्हटलं की कोणाला लाल बस आठवते, कोणाला जातप्रमाणपत्रावरचा प्रवर्ग. आणि ‘एमएसईडीसीएल’ (म्हणजे वीज वाटणारी महावितरण) असं देवनागरीत लिहिलं, तर वाचणाऱ्याला तीन पायऱ्या चढाव्या लागतात: आवाजावरून इंग्रजी अक्षरं, अक्षरांवरून इंग्रजी शब्द, शब्दांवरून अर्थ. इंग्रजी वाचकाला पहिली पायरी नसतेच. म्हणून मराठी तांत्रिक लेखनात फोड देण्याची गरज इंग्रजीपेक्षा कमी नाही, जास्त आहे.

उलट आपल्या लिपीची एक मोठी ताकदही आहे. देवनागरीतल्या अक्षरात स्वर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे मराठी आद्याक्षरं जोडली की आपोआप उच्चारता येणारा शब्द होतो: मसाप, शेकाप, अंनिस. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या रोजगार हमी योजनेचं ‘रोहयो’ झालं, पण कामावर जाणाऱ्या बायका ‘रोजगार हमीवर जाते’ असंच म्हणत राहिल्या. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं, तेव्हा कंपन्यांना महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी नावं मिळाली. वीज बनवणारी, वाहून नेणारी, वाटणारी. यांना फुलफॉर्म लागत नाही. कोणीतरी टेबलाशी बसून विचार केला, म्हणून कोट्यवधी बिलांवर आज कळणारं नाव छापलं जातं. सरकारी कामात हे होऊ शकतं याचा तो धडधडीत पुरावा आहे.

माझ्या कामात मी आता तीन गोष्टी करते. लघुरूप दोनदाच येणार असेल तर काढून टाकते आणि वस्तूचं साधं नाव लिहिते. राहिलंच, तर इंग्रजी फुलफॉर्मऐवजी त्या वस्तूचं त्या पानावरचं काम एका वाक्यात सांगते. आणि मजकूर छापायला जाण्याआधी त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला मोठ्याने वाचायला देते. तो अडखळला तिथे मी युक्तिवाद करत नाही. आरएफसीवाल्यांसारखी तारांकित यादी मराठी तांत्रिक लेखनासाठीही हवी, असं मला फार वाटतं. एटीएम, यूपीआय, डीएनए यांना तारा द्यायला हरकत नाही. आयएफएससी, एनएसीएच, केवायसी यांना मी तरी देणार नाही.

आणि एकाला तर मुळीच नाही. लाखो बचत खात्यांच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी एक ओळ उमटते: पीएमजेजेबीवाय, ४३६ रुपये वजा. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. खातेदार वारला, तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात, पण ते मागावे लागतात, आणि मागायला असा विमा होता हे घरात माहीत असावं लागतं. तेराव्यानंतर पासबुक उघडून बसलेल्या बाईला ती ओळ बँकेने लावलेल्या दंडासारखी दिसते. एवढ्या लांब नावातला तिला लागणारा एकच शब्द त्या लघुरूपात ‘बी’ (हिंदीतलं ‘बीमा’) या अक्षरामागे दडला आहे. ‘विमा’ एवढंच लिहिलं असतं तरी पासबुकातल्या त्या अरुंद रकान्यात ते मावलं असतं.